पीप शो म्हणजे नेमके काय

दिवाळीच्या तोंडावर साड्यांच्या एका प्रदर्शनाची निमंत्रणपत्रिका तपासण्यासाठी माझ्याकडे आली होती. मजकूर मराठीत होता, परंतु मधोमध ठळक अक्षरांत ‘आमच्या नव्या संग्रहाचा खास पीप शो, फक्त निमंत्रितांसाठी’ असे छापायचे ठरले होते. लिहिणाऱ्या बाईंच्या मनात ‘स्नीक पीक’ हा शब्द होता, म्हणजे माल बाजारात येण्यापूर्वी निवडक लोकांना दाखवलेली झलक. ‘पीक’मधल्या ‘क’च्या जागी ‘प’ आला आणि पैठण्यांच्या प्रदर्शनाला असे नाव मिळाले, की इंग्रजीशी चांगला परिचय असलेल्या पाहुण्याने ती पत्रिका घरातल्यांना दिसू नये म्हणून उलटी ठेवली असती. मी ते खोडून ‘पहिली झलक’ असे केले. त्यावर ‘पण पीप म्हणजे डोकावणेच ना?’ असे त्यांनी विचारले, आणि त्यांचे म्हणणे शब्दशः खरे होते.

‘पीप’ या क्रियापदाचा अर्थ फटीतून, भोकातून किंवा पडद्याआडून हळूच पाहणे असा आहे आणि त्यात मुळात वावगे काही नाही. दाराला बसवलेल्या ज्या छिद्रातून आपण बाहेर कोण आले आहे ते पाहतो, त्याला इंग्रजीत पीपहोलच म्हणतात. ढगांआडून सूर्य डोकावतो तेव्हाही हेच क्रियापद चालते. पक्ष्याच्या पिल्लाच्या आवाजाला असलेला ‘पीप’ हा शब्द दिसायला सारखा असला तरी त्याचे कूळ वेगळे आहे, आणि तरुण मंडळी मित्रांना ‘पीप्स’ म्हणतात ते तर ‘पीपल’चे लघुरूप आहे. खरा पेच ‘शो’ जोडल्यावर सुरू होतो. शो म्हणजे जे दाखवण्यासाठीच मांडले आहे ते. मग जे कोणीतरी मुद्दाम दाखवत आहे ते चोरून कसे पाहायचे? ही विसंगती या जोडशब्दाच्या पोटातच आहे, आणि पुढे त्यावरून जो गोंधळ होतो त्याचे मूळही तिच्यातच आहे. शब्दकोश या शब्दाचे दोन अर्थ देतात. एक, भिंगाच्या छिद्रातून पाहायचा चित्रांचा खेळ. दुसरा, पैसे टाकून बंद खोलीतून किंवा खिडकीतून एकट्याने पाहायचे कामुक देहप्रदर्शन. आज कोणी नुसते ‘पीप शो’ म्हटले तर इंग्रजी कानाला दुसराच अर्थ आधी ऐकू येतो. पहिला मात्र त्याच्याहून कितीतरी जुना आहे.

लंडनच्या नॅशनल गॅलरीत सतराव्या शतकातील एक लाकडी पेटी ठेवलेली आहे. डच चित्रकार सॅम्युएल फान होखस्ट्राटेन याने ती साधारण १६५५ ते १६६० या काळात रंगवली. तिच्या दोन बाजूंना एकेक छिद्र आहे आणि त्याला डोळा लावला की आत फरशीचे दालन, त्यापलीकडच्या खोल्या आणि मध्ये बसलेला एक कुत्रा दिसतो. प्रकाशासाठी मोकळ्या ठेवलेल्या बाजूने पाहिले तर तेच चित्र वेडेवाकडे, ताणलेले दिसते, कारण ते भिंती आणि तळ यांवर तुकड्यातुकड्याने रंगवलेले आहे आणि केवळ छिद्राच्या जागेवरूनच त्याचे तुकडे एकमेकांशी जुळतात. दोन डोळ्यांनी पाहताना आपल्या मेंदूला पृष्ठभाग सपाट आहे हे चटकन कळते. एकाच डोळ्याने, एकाच ठिकाणाहून, चौकटीच्या कडा न दिसता पाहिले की तो फसतो आणि खोली खरी वाटू लागते. म्हणजे छिद्र हे सुरुवातीला लपण्यासाठी नव्हतेच. ते एक दृक्-यंत्र होते.

अशाच पेट्या पुढे पाठीवर घेऊन फिरणारे लोक युरोपच्या रस्त्यांवर दिसू लागले. इंग्रजीत त्या खेळाला ‘रॅरी शो’ असेही नाव पडले. परदेशी खेळवाले ‘रेअर’, म्हणजे दुर्मीळ, हा शब्द ज्या ढंगाने उच्चारत त्याची ती नक्कल होती असे कोशकार सांगतात. थेम्स नदीखालचा बोगदा १८४३ मध्ये पादचाऱ्यांना खुला झाला, तेव्हा त्याची आठवण म्हणून कागदाचे, भात्यासारखे उलगडणारे छोटे पीप शो विकले गेले; ते ओढून लांब करायचे आणि पुढच्या छिद्रातून पाहिले की बोगदा दूरवर गेलेला दिसायचा. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात अशा कागदी पीप शोंचा मोठा संग्रह आहे. व्हिक्टोरियन काळातील एखाद्या इंग्रजी पुस्तकात आई मुलांना पीप शो पाहायला नेते असे आले, तर अनुवादकाने दचकण्याचे कारण नाही.

आपल्याकडे हीच पेटी बायोस्कोप म्हणून फिरली. आमच्या तालुक्याच्या जत्रेत मी ती पाहिली तेव्हा तिचे दिवस भरत आले होते. तिवईवर ठेवलेली पत्र्याची पेटी, समोर ओळीने भोके, प्रत्येकाला साखळीने लटकवलेले झाकण. गुडघे टेकून, दोन्ही तळहातांचा आडोसा करून डोळा लावायचा, आणि त्या पत्र्याच्या कडेला आधीच्या मुलाच्या घामाची ओल लागलेली असायची. आत ताजमहाल, देवादिक आणि नट-नट्या एका लांब पट्टीवरून सरकत जात, पेटीवाला एका हाताने दांडा फिरवी आणि मराठी मुलखातही हिंदीतच गाई. ‘बारा मन की धोबन देखो’ हा त्यातला ठरलेला तुकडा. बारा मण म्हणजे साडेचारशे किलोच्या आसपास. एवढी धोबीण खरोखर कशी दिसते हे पाहण्यासाठीच निम्मी मुले पैसे देत. मागे ताटकळणाऱ्यांना गाणे ऐकू येई, चित्र दिसत नसे. धंद्याची सगळी युक्ती त्यात होती: कान सगळ्यांचे, डोळा पैसे देणाऱ्याचा.

हीच युक्ती थॉमस एडिसनच्या यंत्राने वापरली. त्याच्या प्रयोगशाळेत विल्यम डिक्सन याने मुख्यतः घडवलेले कायनेटोस्कोप हे यंत्र म्हणजे छातीइतक्या उंचीचे लाकडी कपाट होते, त्याच्या माथ्यावर पाहण्याचे छिद्र होते आणि आत सुमारे ५० फूट फिल्मचे वेटोळे सरकत असे. १४ एप्रिल १८९४ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर अशी १० यंत्रे मांडलेले दालन उघडले आणि ५ यंत्रांच्या एका रांगेसाठी २५ सेंट आकारले गेले. चित्र अर्ध्या मिनिटाच्या आतच संपत असे. पडद्यावर चित्र पाडून शेकडो लोकांना एकदम दाखवणे एडिसनला आधी फारसे रुचले नाही, कारण प्रत्येक प्रेक्षकामागे एक यंत्र विकण्यात त्याला अधिक फायदा दिसत होता. ल्युमिएर बंधूंनी डिसेंबर १८९५ मध्ये पॅरिसमध्ये पडदा टांगला, ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात त्यांच्या चित्रफिती १ रुपया तिकिटावर दाखवल्या गेल्या, आणि सिनेमा म्हणजे अंधारात अनेकांनी मिळून पाहायची गोष्ट हे ठरून गेले. छिद्राची पेटी मात्र मेली नाही. एकट्याने, कोणाच्या शेजारी न बसता पाहण्यात काही गिऱ्हाइकांना सोय वाटत होती, आणि ती सोय कोणत्या चित्रांसाठी हवी असते हे दुकानदारांना लवकरच उमगले.

येथे म्युटोस्कोप येतो. हर्मन कॅसलर याने बनवलेल्या या यंत्रात फिल्म नव्हती. एका चाकाला सुमारे ८५० छायाचित्रांचे पुठ्ठे पंख्यासारखे लावलेले असत, गिऱ्हाईक नाणे टाकून हाताने दांडा फिरवी आणि पुठ्ठे भराभर उलटत गेले की चित्र हलल्यासारखे दिसे. हळू फिरवले तर चित्र हळू चाले, हवे तेथे थांबवताही येई. या थांबवण्याच्या सोयीचा काय उपयोग होत असेल हे आंबटशौकीन मंडळींना सांगायला नको. इंग्लंडच्या समुद्रकिनाऱ्यांवरील लाकडी धक्क्यांवर ही यंत्रे रांगेने उभी असत आणि त्यांना सरसकट ‘बटलरने काय पाहिले’ अशा अर्थाचे नाव पडले. चित्रे आजच्या मानाने अगदीच सोवळी होती: पाठमोरी बाई, मोजे उतरवणे, फार तर पेटीकोट.

त्या नावाचा संबंध १८८६ च्या एका घटस्फोटाच्या खटल्याशी जोडला जातो. लॉर्ड कॉलिन कॅम्पबेल आणि त्यांच्या पत्नी यांनी एकमेकांवर व्यभिचाराचे आरोप केले होते, आणि आपण जेवणघराच्या दाराच्या किल्लीच्या भोकातून बाईसाहेबांना पाहिले अशी साक्ष घरच्या बटलरने दिली. त्या भोकातून खरोखर काय दिसते हे पाहण्यासाठी ज्युरीचे सदस्य लंडनमधील त्या घरी गेले. बारा प्रतिष्ठित गृहस्थ दारापुढे वाकून एका भोकाला डोळा लावत आहेत, हे दृश्य मला त्या काळातील कोणत्याही चावट चित्रापेक्षा बोलके वाटते. ज्युरीने दोघांचाही व्यभिचार सिद्ध झालेला नाही असे ठरवले आणि घटस्फोट कोणालाच मिळाला नाही. वर्तमानपत्रांनी मात्र ती साक्ष पानेच्या पाने छापली.

इंग्लंडने फेब्रुवारी १९७१ मध्ये नाण्यांची दशमान पद्धत स्वीकारली आणि जुन्या पेनीवर चालणारी ही यंत्रे अडगळीत गेली. तोपर्यंत अमेरिकेत या शब्दाचा तिसरा जन्म झाला होता. न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअर भागात १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात मार्टिन होडास या धंदेवाल्याने पुस्तकांच्या दुकानांत २५ सेंटच्या नाण्यावर चालणारी चित्रफितींची यंत्रे बसवली, आणि १९७० च्या दशकात चित्रफितीच्या जागी जिवंत स्त्रिया आल्या. रचना अशी असे: मध्ये आरसे लावलेला छोटा मंच, त्याच्याभोवती टेलिफोन बूथएवढ्या खोल्या, प्रत्येक खोलीला मंचाकडे एक खिडकी आणि खिडकीवर पत्र्याची झडप. नाणे टाकले की झडप वर जाते, ठरावीक वेळ संपली की खाली येते, आणि पुन्हा नाणे टाकावे लागते. आजचा रूढ अर्थ येथून आला. १९९५ मध्ये न्यूयॉर्कने क्षेत्रनियोजनाचे नियम बदलून असे धंदे शाळा, प्रार्थनास्थळे आणि निवासी भागांपासून किमान ५०० फूट दूर असावेत असे ठरवले; पुढे घरातल्या व्हिडिओने आणि नंतर इंटरनेटने नाण्याची झडप निरुपयोगी केली.

या ठिकाणी शब्दाची खरी कसोटी लागते. इंग्रजीत ‘पीप शो’च्या शेजारी दोन शब्द नेहमी घोटाळतात. एक ‘पीपिंग टॉम’: कॉव्हेंट्री गावची लेडी गोडायव्हा विवस्त्र होऊन घोड्यावरून गेली तेव्हा सगळ्यांनी खिडक्या लावून घेतल्या आणि एकट्या टॉमने डोकावून पाहिले, ही दंतकथा. गोडायव्हा अकराव्या शतकातली. टॉम कथेत शिरला तो मात्र शेकडो वर्षांनी. दुसरा ‘व्हॉयर’, फ्रेंचमधील पाहणे या अर्थाच्या क्रियापदावरून आलेला, म्हणजे दुसऱ्याला नकळत त्याचे खाजगी क्षण पाहण्यात सुख मानणारा. या दोघांत आणि पीप शोमध्ये मूलभूत फरक आहे. टॉम आणि व्हॉयर ज्याला पाहतात त्याला आपण पाहिले जात आहोत हे ठाऊक नसते. पीप शोमधल्या स्त्रीला ते ठाऊक असते, तिने त्याला संमती दिलेली असते, तिला त्याचे पैसे मिळतात. चोरून पाहण्याचा नुसता देखावा विकला जातो. संमतीमागे किती गरज आणि किती मर्जी असते हा प्रश्न वेगळा आणि गंभीर आहे. परंतु शब्दाच्या अर्थापुरते पाहिले तर संमती ही त्याची अट आहे.

सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘लस्टी लेडी’ या पीप शोमध्ये काम करणाऱ्या स्त्रियांनी हा फरक कोणत्याही कोशकारापेक्षा नेमका सांगितला. तेथील काही खोल्यांना एकतर्फी काच होती: गिऱ्हाइकाला मंच दिसे, मंचावरून गिऱ्हाईक दिसत नसे. छोटे व्हिडिओ कॅमेरे बाजारात आल्यावर त्या काचांमागून गिऱ्हाईक चोरून चित्रण करू लागले. ज्या स्त्रिया रोज विवस्त्र होऊन नाचत होत्या त्यांनी त्याविरुद्ध तक्रार केली, आणि बाहेरच्या अनेकांना ती हास्यास्पद वाटली असणार. त्यांचे म्हणणे मात्र सरळ होते: आम्ही या वेळी, या जागी पाहण्याला हो म्हटले आहे, उद्या कोणाच्याही घरी आमची फीत चालावी याला म्हटलेले नाही. मालकांनी दाद दिली नाही, तेव्हा १९९६ मध्ये त्यांनी मतदान करून कामगार संघटना स्थापली. एकतर्फी काचा निघाल्या. २००३ मध्ये कामगारांनी तो धंदाच विकत घेऊन सहकारी तत्त्वावर चालवला आणि २०१३ मध्ये तो बंद पडला. सहकाराच्या आपल्या प्रांतात हे शेवटचे वाक्य वाचून कोणी गालात हसले तर हरकत नाही.

योगायोगाने त्याच २०१३ साली भारतीय दंड संहितेत कलम ३५४ क आले. खाजगी कृतीत गुंतलेल्या स्त्रीला, आपल्याला कोणी पाहत नाही अशी तिची साहजिक अपेक्षा असताना पाहणे, तिचे चित्रण करणे किंवा ते पसरवणे हा त्यानुसार गुन्हा ठरला. १ जुलै २०२४ पासून ही तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ मध्ये आहे. पहिल्या वेळी १ ते ३ वर्षे आणि पुन्हा केल्यास ३ ते ७ वर्षे कैद, शिवाय दंड. त्यातील एक स्पष्टीकरण असे आहे, की स्त्रीने चित्रणाला संमती दिली असली परंतु ते तिसऱ्या माणसापर्यंत जावे अशी तिची अपेक्षा नसेल, तर ते पसरवणे हाही गुन्हाच. काचेमागच्या कॅमेऱ्याबद्दल नाचणाऱ्या बायका जे म्हणत होत्या ते हेच.

म्हणूनच ‘पीप शो’ हा शब्द रूपकाने वापरताना सावध राहावे लागते. बंदिस्त घरात कॅमेऱ्यांखाली राहणाऱ्या माणसांचे कार्यक्रम आले तेव्हा इंग्रजी टीकाकारांनी त्यांना राष्ट्रीय पीप शो म्हटले, आणि ते चपखल होते. २०१८ पासून मराठीतही असा कार्यक्रम आला आहे, त्यातले स्पर्धक करार करून, मानधन घेऊन आत जातात. ब्रिटनमध्ये २००३ ते २०१५ या काळात याच नावाची विनोदी मालिका चालली. तिच्यात देहप्रदर्शनाचा धंदा नव्हता, पात्रांच्या डोळ्यांतून दिसेल तसे चित्रण आणि त्यांच्या मनातले विचार होते. हाही वापर रास्त, कारण भोक आहे आणि आत डोकावणारा आहे. परंतु कपडे बदलण्याच्या खोलीत लपवलेल्या कॅमेऱ्याची बातमी देताना ‘दुकानात पीप शो’ असा मथळा कोणी केला, तर तो चटपटीत नसून चुकीचा आहे. तेथे शो कोणीच मांडलेला नव्हता. त्या मथळ्याने गुन्ह्यातली बळी पडलेली स्त्री नकळत कलावंत ठरते आणि गुन्हेगार प्रेक्षक ठरतो. असा मथळा माझ्यासमोर आला तर मी ‘चोरून चित्रीकरण’ असेच करतो, अक्षरे जास्त झाली तरी.

मराठी प्रतिशब्दाचे काय? ‘नग्नदर्शन’ फार उघडे आहे, ‘झरोका-दर्शन’ राजाच्या दरबाराची आठवण देते, आणि हिंदीच्या वळणाने काही जण ‘तमाशा’ लिहितात ते तर अगदीच उलटे आहे. तमाशाचा फड म्हणजे उघडा बोर्ड आणि समोर गर्दी. नाचणारी प्रेक्षकाच्या डोळ्याला डोळा भिडवते, सोंगाड्या पुढच्या रांगेतल्याची फिरकी घेतो, आणि दौलतजादा केली की ती कोणत्या गावच्या कोणत्या पाहुण्याकडून आली हे सगळ्यांसमोर पुकारले जाते. पैसे देणाऱ्याचे नाव पुकारणे हा तेथे मान आहे. पीप शोचा ग्राहक नेमके तेच टाळण्यासाठी नाणे टाकतो. नाव पुकारले गेले तर तो पुन्हा येणार नाही. दोन्हीकडे पैसे देऊन पाहणेच आहे, पण एकीकडे पाहणाराही पाहिला जातो.

त्यामुळे मी अनुवादात तीन वाटा ठेवतो. जुन्या काळातील पेटी असेल तर ‘बायोस्कोपची पेटी’ किंवा ‘भिंगाच्या पेटीतला खेळ’. नाण्याच्या झडपेचा धंदा असेल तर ‘पीप शो’ तसाच, पहिल्या उल्लेखात अर्ध्या वाक्याचा खुलासा देऊन. आणि रूपक असेल तर ‘डोकावण्याचा खेळ’ किंवा ‘चोरून पाहण्याची हौस’, पाहिले जाणाऱ्याला ते ठाऊक आहे की नाही हे पाहून. साड्यांच्या त्या बाईंना मी एवढे सगळे सांगितले नाही. अर्थ एका ओळीत कळवला. पाच मिनिटांनी त्यांचा निरोप आला की पत्रिका दुरुस्त होईल, पण फलक आधीच रंगवून झाला आहे, त्यावरच्या ‘प’चा ‘क’ करता येईल का.